ऑपरेशन सकाळी, चालणं संध्याकाळी : ही घाई की उपचार?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन सकाळी झालं आणि संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट ताई वॉकर घेऊन खोलीत आल्या. त्यांनी आईला उठवून चार पावलं चालवलं. आम्ही सगळे धास्तावलो. माझ्या मोठ्या मावशीचं हेच ऑपरेशन वीस-बावीस वर्षांपूर्वी झालं, तेव्हा तिला कितीतरी दिवस खाटेवरून हलू दिलं नव्हतं. मग आताच ही घाई का? खाट लवकर रिकामी व्हावी म्हणून तर नव्हे? दुसरं असं, की घरी आल्यावर आईचं चालणं उलट कमी झालं. झोपल्या झोपल्या पाय सरळ ठेवून उचल म्हटलं, तर तो उचलताच येत नव्हता. आता थोडं बरं आहे. बहीण म्हणते, तिला विश्रांती घेऊ दे. मी म्हणतो, चालव. कोणाचं खरं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमचं खरं आहे, आणि तुमच्या बहिणीचंही थोडं खरं आहे. ते कसं, हे पुढे येईलच. आधी खाटेबद्दलची शंका.

खाट लवकर रिकामी झाली की रुग्णालयाची सोय होते, हे कोणी नाकारणार नाही. पण रुग्णाला लवकर उठवण्याचा विचार सुरू झाला तो पडून राहण्याचे तोटे लक्षात आल्यावर. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, छातीत साठणारा कफ, पाठीवरच्या जखमा, आखडलेले सांधे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ आणि खचलेलं मन, हे सगळं त्यांनी एकेक करून मांडलं. पुढे याची मोजणीही झाली. म्हातारपणाकडे झुकलेल्या पण निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. ऑपरेशन नाही, आजार नाही, तरी ही गत. मग अडुसष्ट वर्षांची बाई, आधीच दोन-चार वर्षं गुडघेदुखीमुळे कमी चालणारी, तिला आठवडाभर झोपवलं तर काय उरेल?

मग मावशीला का झोपवून ठेवलं? कारण तेव्हा वेदना आणि रक्तस्राव आवरण्याची साधनं तोकडी होती. या ऑपरेशनचं नाव आपल्याकडे घरोघर पोचलं ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधानांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. त्या सुमाराला डेन्मार्कसारख्या पुढारलेल्या देशातही गुडघा किंवा खुबा बदललेला रुग्ण दहा-अकरा दिवस रुग्णालयात राहत असे. २००९ पर्यंत तिथे हा मुक्काम चार दिवसांवर आला. यामागे कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांचं मोठं काम आहे. नव्वदच्या दशकात आतड्यांच्या ऑपरेशनवर काम करताना त्यांनी एक साधा प्रश्न लावून धरला : हा रुग्ण आज अजून रुग्णालयात का आहे? सांध्यांच्या ऑपरेशनबाबत त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न रोज विचारून उत्तरं नोंदवली. सुरुवातीच्या दोन दिवसांत रुग्णाला अडवून धरणारी कारणं निघाली वेदना, चक्कर आणि अशक्तपणा. म्हणजे रुग्णाला नुसतं ‘चला, उठा’ म्हणून भागणार नव्हतं, ही तीन कारणं आधी दूर करायला हवी होती.

ती बरीचशी दूर झाली आहेत. सगळ्या शरीराला गुंगी देण्याऐवजी बहुतेकदा कमरेतून भूल देतात. सर्जन टाके घालण्याआधी गुडघ्याच्या भोवतीच्या मांसात बधिरतेचं औषध टोचतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचं स्वस्त औषध रक्तस्राव कमी करतं. त्याचा शोध १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने लावला. सांध्यांच्या ऑपरेशनमध्ये ते रुळायला मात्र कितीतरी वर्षं गेली. आणखी एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी वेदना थांबवायला जांघेतली मोठी नस बधिर करत. त्याने दुखणं थांबे, पण मांडीचा स्नायूही लुळा पडे. उभं राहिलं की गुडघा दुमडून माणूस पडायचा. आता तीच नस मांडीच्या मध्यावर, बरीच खाली बधिर करतात. तिथे ती मुख्यतः संवेदना वाहते, त्यामुळे दुखणं कमी होतं आणि स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते. तुमच्या आई त्या संध्याकाळी चार पावलं टाकू शकल्या, त्याचं बरंचसं श्रेय भूलतज्ज्ञाला आहे. घरच्यांना त्यांचं नावही बहुधा ठाऊक नसतं.

‘नवा सांधा इतक्यात निखळणार नाही का?’ ही भीती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण ती मनात असणारच. सिमेंटने बसवलेला गुडघा पंधरा-वीस मिनिटांत पक्का होतो. ज्या रसायनाचं हे सिमेंट असतं ते दातांच्या कामात आधीपासून वापरात होतं. खुब्याच्या सांध्यासाठी त्याचा पद्धतशीर वापर इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्न्ली यांनी रुजवला. १९६२ साली त्यांनी बसवायला घेतलेला खुबा आजच्या सगळ्या कृत्रिम सांध्यांचा पूर्वज आहे. तेव्हा ऑपरेशन टेबलावरून उतरतानाच आईंचा सांधा पूर्ण वजन पेलायला तयार होता. तयार नव्हता तो स्नायू, आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग नेमका तिथे येतो.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. गुडघा सरळ ठेवणं, खुर्चीतून उठणं, जिना उतरताना शरीर सावरणं ही सगळी त्याची कामं. गुडघा बदलल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत या स्नायूची ताकद किती घटते? डेन्मार्कमधल्याच एका मोजणीत ती ऑपरेशनपूर्वीच्या ताकदीपेक्षा ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. महिन्यानंतरही ती आधीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. इतक्या थोड्या दिवसांत स्नायू झडून जात नाही. तो जागेवर असतो, पण मेंदू आणि मज्जारज्जू त्याला पुरेसा हुकूमच पाठवत नाहीत. सांध्यात पाणी आणि रक्त साठून तो सुजला, की आतल्या संवेदना मज्जारज्जूकडे जातात आणि तिथून या स्नायूला आवर बसतो. हे वेदनेमुळेच होतं असंही नाही. निरोगी गुडघ्यात नुसतं २०-३० मिलीलिटर निर्जंतुक सलाइन भरलं, तरी या स्नायूचा गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भाग ढिला पडू लागतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. ऑपरेशननंतरच्या गुडघ्यात त्याहून कितीतरी जास्त सूज असते.

म्हणून आईंना पाय उचलता येत नव्हता. त्यात त्यांचा आळस नव्हता, भित्रेपणा नव्हता आणि सर्जनची चूकही नव्हती. ‘मनावर घे, मनावर घे’ असं घरचे म्हणतात तेव्हा बिचारी बाई अपराधी होऊन जाते. तिने मनावर घेतलेलंच असतं. हुकूम मध्येच अडतो.

घरी आल्यावर चालणं कमी झालं, त्याचंही कारण साधं आहे. गुडघ्याभोवती टोचलेलं औषध एक-दोन दिवसांत उतरतं, सूज मात्र त्याच सुमाराला वाढत असते. पहिल्या संध्याकाळी रुग्ण हसत चालतो आणि तिसऱ्या दिवशी कण्हतो, हे इतक्यांच्या बाबतीत होतं की रुग्णालयाने घरी सोडतानाच तसं स्पष्ट सांगायला हवं. अलीकडे ‘ऑपरेशनच्या दिवशीच चाला’ अशा जाहिराती दिसतात. लवकर उठवणं योग्यच आहे. पण ती चार पावलं म्हणजे बरं होणं, असा समज पसरवणं मला घातक वाटतं. पहिल्या दिवशी चालवतात ते रक्त खेळतं राहावं, फुप्फुसं उघडावीत, लघवीची नळी काढता यावी आणि पाय चालतो आहे हे रुग्णाला स्वतःला कळावं म्हणून. ताकद परत येण्याचं काम त्यानंतर सुरू होतं आणि त्याला आठवडे लागतात. सर्वांत वेगाने सुधारणा होते ती पहिल्या बारा आठवड्यांत. नंतर सहा महिन्यांपर्यंत ती हळूहळू चालू राहते.

आता तुमच्या बहिणीच्या म्हणण्याकडे येतो. सूजच स्नायूला झोपवते, तेव्हा सूज वाढेल इतकं चालवणंही चूक. ‘आज आईला कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत नेलं’ या कौतुकापायी गुडघा संध्याकाळी टम्म फुगत असेल, तर त्या चालण्याने नुकसान केलं. खूण सोपी आहे. रात्री सूज आणि ठणका आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट जास्त असेल, तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करा, पण शून्यावर आणू नका. एकदाच लांब चालण्यापेक्षा दर तासा-दीड तासाने घरातल्या घरात फेरी मारणं बरं. मधल्या वेळात आडवं पडून पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवणं आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावणं. ही विश्रांती उपचाराचाच भाग आहे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आपल्याकडे हमखास दिला जातो. पहिल्या काही आठवड्यांत तो देऊ नका.

पाय वर ठेवताना उशी कुठे जाते, हे मात्र पाहा. ती टाचेखाली हवी. गुडघ्याखाली उशी घेतली की फार आराम वाटतो, आणि प्रेमापोटी नेमकी तीच घरोघर दिली जाते. गुडघा दिवसचे दिवस थोडा वाकलेल्या स्थितीत राहिला की मागचा भाग तसाच आखडतो आणि पाय पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणारा गुडघा आयुष्यभर लंगडवतो आणि मांडीच्या स्नायूला उभं राहतानाही थकवतो. लोक विचारतात, ‘किती वाकला?’ मी आधी विचारतो, ‘सरळ किती होतो?’ साध्या चालण्याला गुडघा ६५-७० अंश वाकला तरी पुरतं, जिना चढायला ८० च्या पुढे, उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास. एवढं वाकणं बहुतेकांना हळूहळू मिळतं. सरळपणा पहिल्या सहा आठवड्यांत गेला, तर परत मिळवायला फार कष्ट पडतात.

झोपलेल्या स्नायूला जागं करायचा व्यायाम दिसायला किरकोळ आहे. पाय लांब करून बसा, गुडघा पलंगात दाबायचा प्रयत्न करत मांडी घट्ट करा, पाच-सहा सेकंद धरा, सोडा. एका वेळी दहादा, दिवसातून बऱ्याच वेळा. यात काही घडतंय असं वाटत नाही, म्हणून लोक तो टाळतात आणि गुडघा वाकवायच्या मागे लागतात. वाकवायचं यंत्र भाड्याने आणायचा सल्लाही कोणी देईल. ते आपोआप पाय वाकवतं-सरळ करतं, पण त्यात स्नायू काही काम करत नाही. अभ्यासांतून त्याचा मोठा फायदा दिसलेला नाही. त्याच पैशात फिजिओथेरपिस्ट काही वेळा जास्त घरी येऊ द्या. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा वेळेवर द्या, शक्यतो व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. मूत्रपिंडाची किंवा पित्ताची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांशी बोला, परस्पर गोळी बंद करू नका. दुखतंय म्हणून व्यायाम नाही आणि व्यायाम नाही म्हणून आखडलं, हा फेरा तिथूनच सुरू होतो.

जेवणातही एक अडचण आपण स्वतःच करून ठेवतो. टाके पिकतील म्हणून डाळ नको, आंबट नको, भात नको; उरतो तो चहा आणि खारी. स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात आणि जखम भरायला लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, चालत असतील तर अंडी आणि मासे, हे सगळं रोज हवं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. हात असलेल्या खुर्चीत आईंना बसवा. त्यांनी उठावं, तीन मीटर चालत जाऊन वळावं, परत येऊन बसावं. घड्याळात सेकंद पाहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. फिजिओथेरपिस्टही हीच चाचणी घेतात. आकडा घटतोय ना, एवढंच पाहायचं. शेजारच्या काकूंच्या आकड्याशी तुलना नको. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदललेल्यांचे पहिले दिवस तर आणखी जड जातात, कारण भार टाकायला चांगला पाय उरलेला नसतो.

जिन्याचा नियम लक्षात ठेवा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. उंबरा, ओली न्हाणी, पायपुसणं आणि रात्रीचा अंधार यांच्यापासून जपा, कारण या दिवसांत पडण्यासारखा दुसरा धोका नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं याबद्दल प्रत्येक सर्जनचं मत सांध्याच्या प्रकारानुसार वेगळं असू शकतं. त्यांना थेट विचारा.

लवकर चालवणं सगळ्यांनाच लागू नाही. हाड जोडण्याचं ऑपरेशन, पुन्हा बदललेला सांधा, किंवा सर्जननी ‘पायावर भार टाकू नका’ असं स्पष्ट सांगितलेलं असणं, अशा वेळी त्यांचाच शब्द शेवटचा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर लगेच खाली बसवा. पोटरी दुखून सुजली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून स्राव येऊ लागला, तर फिजिओथेरपिस्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ ठेवायची औषधं दिली असतील तर ती सांगितल्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

प्रश्न : माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दीड महिन्यानंतरची आहे. तोवर पाय जपून ठेवावा, की काही करावं?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : करावं. ऑपरेशनपूर्वी मांडीचा स्नायू जितका बळकट, तितकं वर्षभरानंतरचं चालणं आणि जिना चढणं चांगलं, असं अभ्यास सांगतात. वर सांगितलेला मांडी घट्ट करण्याचा व्यायाम आजच सुरू करा. हातांचा आधार घेऊन खुर्चीतून उठा-बसा, सोसेल तेवढ्या वेळा. वॉकर आत्ताच आणून त्यावर चालायचा सराव करा. ऑपरेशननंतर गुंगीत आणि वेदनेत नवी गोष्ट शिकणं अवघड जातं. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची सोय आधी करून घ्या.

रक्तातलं हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं फार आढळतं, आणि कमी रक्तावर ऑपरेशन झालं की उठल्यावर चक्कर ठरलेली. ते वाढवायला दीड महिना पुरेसा अवधी आहे, चार दिवस नाही. दात किडला असेल, टाचेला भेगा किंवा कुठे फोड-जखम असेल तर ती आधी बरी करा. तंबाखू कोणत्याही रूपात नको. मिसरी लावत असाल तर तीही आजपासून बंद. त्यातलं निकोटिन जखमेकडे जाणारं रक्त कमी करतं. बऱ्याच जणी मिसरीला तंबाखू समजतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. कृपा करून तसं करू नका. भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा मिसरीसकट सगळं सांगा, आणि ऑपरेशनच्या संध्याकाळी कोणी वॉकर घेऊन आलं तर घरच्यांनी मध्ये पडू नये, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.